गेमवरून आलेल्या मालिका: आधी खेळायचं की आधी बघायचं?

आठबिट_चिंचपोकळी

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. 'आर्केन'चे दोन्ही सीझन आणि 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला सीझन बघून झालाय. 'फॉलआउट'चे पहिले दोन भाग बघितलेत. यातला गेम मात्र एकही खेळलेलो नाही आणि आता खेळायची इच्छा आहे.

कोण म्हणतं आधी गेम संपव, मग पुढचा सीझन बघ. कोण म्हणतं मालिका बघितलीस ना, मग गेमची गरजच काय. तर प्रश्न असे:

१) 'लास्ट ऑफ अस'चा पहिला गेम आता खेळण्यात अर्थ आहे का? गोष्ट तर कळलीच आहे. की सरळ दुसरा घेऊ?
२) 'फॉलआउट'चे एवढे गेम आहेत, मालिका त्यातल्या कुठल्या गेमवर आहे? सुरुवात कुठून करायची?
३) 'आर्केन' आवडलं म्हणून 'लीग ऑफ लेजेंड्स' टाकून बघू का?

लॅपटॉपवर आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड (४ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी), १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा स्क्रीन, एसएसडीवर १८० जीबी मोकळी जागा. प्लेस्टेशन नाही, घेणारही नाही. वेळ शनिवार-रविवार मिळून सहा-सात तास.

स्पॉयलर असेल तर आधी हाळी द्या, प्लीज.

---

दुसरा_प्लेयर

सगळ्या मालिकांना एकच नियम लावलात तर घोळ होईल. मालिकेने गेममधून नेमकं काय उचललंय ते आधी बघा. 'लास्ट ऑफ अस'ने कथाच उचलली, प्रसंगांसकट. 'फॉलआउट'ने जग घेतलं, कथा आणि मुख्य पात्रं नवी आणली. 'आर्केन'ने पात्रांची नावं, रूपं आणि दोन शहरं घेतली, कारण मूळ गेममध्ये उचलण्यासारखी सलग गोष्ट नव्हतीच. कथा उचललेली असेल तिथे क्रमाला महत्त्व. जग उचललं असेल तर क्रम कसाही चालतो, फक्त कुठली घटना कुठल्या सालातली ते ध्यानात ठेवायचं. आणि नुसती पात्रं घेतली असतील तर गेम नाही खेळलात तरी काही अडत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. पहिला गेम २०१३ चा, मूळ प्लेस्टेशन ३ वरचा. तुम्हाला पीसीवर जो मिळेल तो 'पार्ट वन' नावाचा नव्याने बांधलेला गेम. तो २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आला आणि २८ मार्च २०२३ ला पीसीवर. मुख्य गोष्ट साधारण १५ तासांची. 'लेफ्ट बिहाइंड' हे जोडप्रकरण त्याच्यासोबतच येतं, मेन्यूत वेगळं दिसतं, त्याचे आणखी दोन तास. सीझनच्या सातव्या भागात एली आणि रायलीचा मॉल बघितलात, तेच हे.

गोष्ट माहीत असूनही खेळा, असं मी म्हणेन. पहिल्या सीझनचे स्पॉयलर खाली येतात, ते तुम्हाला चालतील.

मालिकेने बदललेल्या बऱ्याच गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. गेममध्ये संसर्ग चावण्यातून पसरतो तसा हवेतल्या बीजाणूंमधूनही, म्हणून बंद जागेत शिरलं की सगळे मास्क चढवतात. मालिकेत तसं केलं असतं तर निम्मा वेळ नटांचे चेहरेच दिसले नसते. बीजाणू काढले आणि त्याऐवजी जमिनीखालून पसरलेलं बुरशीच्या तंतूंचं जाळं आणलं: एका ठिकाणी पाय पडला की दूरवरच्यांना खबर. ते जाळं आलं म्हणून जोएलची साथीदार टेस हिचा शेवट बदलला. गेममध्ये ती सैनिकांना अडवताना मरते, मालिकेत झुंड चालून येते. साथीचं साल २०१३ वरून २००३ वर नेलं, म्हणजे वीस वर्षांनंतरची गोष्ट बरोबर २०२३ मध्ये पडते, मालिका प्रदर्शित झाली त्याच साली. पिट्सबर्गचं कॅन्सस सिटी झालं. कॅथलीन गेममध्ये नाहीच. बिल गेममध्ये जिवंत राहतो आणि फ्रँक आपल्याला भेटतो तो मेल्यानंतर, मागे एक कडवट चिठ्ठी ठेवून. तिसरा भाग बघून त्या गावात शिरलात तर चांगलाच धक्का बसेल.

पण खेळा म्हणतो ते या फरकांसाठी नव्हे. शेवटचं हॉस्पिटल आठवा. मालिकेत जोएलचा तो सगळा हिंसाचार संगीताखाली, आवाज दाबून, झरझर दाखवलाय. आपण लांबून बघतो. गेममध्ये त्या खोलीत डॉक्टर सुरी घेऊन समोर उभा असतो आणि तुम्ही काही केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. थांबून राहिलात तर तोही थांबतो. दुसरा पर्याय नाही, आणि बटण तुमच्या बोटाखाली. नर्सना मात्र सोडून देता येतं, तो निर्णय तुमचा. दुसरा गेम उभा आहे तो या प्रसंगावर. तुम्ही तो स्वतःच्या हाताने केलेला असेल तर पुढचं सगळं वेगळं लागतं.

क्रम असा ठेवा: 'पार्ट वन', मग 'लेफ्ट बिहाइंड', मग 'पार्ट टू', आणि सगळ्यात शेवटी सीझन दोन. 'पार्ट टू' साधारण २४-२५ तासांचा. तुमच्या वेगाने सहा-सात आठवडे.

सीझन दोन शेवटी का, तर काही न फोडता सांगतो: गेम जी गोष्ट जवळपास अर्ध्यापर्यंत झाकून ठेवतो, ती मालिका पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच सांगून टाकते.

आणि मारामारीचा कंटाळा येत असेल तर डिफिकल्टीत जाऊन शत्रू, सोबती, लपाछपी, साधनसामग्री हे खटके वेगवेगळे फिरवता येतात. शत्रू हलके करा, पण साधनसामग्री फार सोपी करू नका. गोळ्या पुरेनाशा झाल्या की कपाटं, ड्रॉवर उघडून बघावी लागतात, आणि गेमचा निम्मा मजकूर त्याच खोल्यांमधल्या चिठ्ठ्यांत आहे. गटारात राहिलेल्या इशची आख्खी कहाणी चिठ्ठ्यांमधूनच कळते. मालिकेत त्या वस्तीच्या फक्त खुणा दिसतात.

---

फॅनचा_आवाज

गोष्टीचं त्यांनी सांगितलं, मी यंत्राचं सांगतो, कारण 'पार्ट वन'चा पीसीवरचा घोळ प्रसिद्ध आहे. मार्च २०२३ मध्ये आला तेव्हा ८ जीबीच्या कार्डांवरही भिंती चिखल फासल्यासारख्या दिसत होत्या. नंतरच्या पॅचेसनी बरंच सावरलं. तरी तुमचं ४ जीबीचं कार्ड म्हणजे किमान पात्रतेच्या अगदी काठावर. अधिकृत किमान यादीत १६ जीबी रॅम, जीटीएक्स ९७० किंवा १०५० टीआय आणि १०० जीबी एसएसडी आहे, आणि तेवढ्यावर कंपनी ७२० पी, ३० एफपीएस (सेकंदाला ३० चित्रं), लो सेटिंग एवढंच वचन देते.

पहिल्यांदा उघडलात की मेन्यूतच शेडर (प्रकाश आणि पृष्ठभाग रंगवणारे छोटे प्रोग्राम) बिल्ड होत असल्याची टक्केवारी दिसेल. ती १०० होईपर्यंत खेळ सुरू करू नका. अर्धवट सोडून 'कंटिन्यू' दाबलं की प्रोसेसर शेडरही बांधतो आणि गेमही चालवतो, मग दर वळणावर चित्र अडखळतं आणि लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतात. अर्धा-पाऊण तास धरून चाला, प्रोसेसर जुना असेल तर त्याहून जास्त. त्या वेळात सगळे कोर पूर्ण ताकदीने चालतात, त्यामुळे लॅपटॉप चार्जरवर, मागची बाजू उचललेली, आणि मे महिना असेल तर पंख्याखाली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केलात की हे सगळं पुन्हा होतं. म्हणून मधेच ड्रायव्हर बदलू नका.

इथे एक आर्थिक खड्डा आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रिफंड मिळतो तो खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. शेडर बांधण्याचा वेळ त्या दोन तासांत धरला जातो. गेम चालतोय का हे तपासायचं असेल तर शेडर झाल्याबरोबर लगेच प्रस्तावनेचा भाग खेळून निकाल लावा. मेन्यू उघडा ठेवून जेवायला जाऊ नका.

सेटिंग: रेझोल्यूशन १०८० पी, डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) 'बॅलन्स्ड', टेक्स्चर सगळीकडे लो, सावल्या लो. ग्राफिक्सच्या मेन्यूत व्हीरॅमची पट्टी दिसते, तिच्यात विंडोज आणि बाकीचे प्रोग्रामही धरलेले असतात. ती लाल होऊ द्यायची नाही. ब्राउझर बंद केला तरी थोडी जागा सुटते. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधून कमाल फ्रेमरेट ३० ला बांधा. ४० ते ५५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा बांधलेले ३० डोळ्याला बरे.

विंडोजची पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची राखीव जागा) कुणाच्या सांगण्यावरून बंद केली असेल तर परत 'सिस्टिम मॅनेज्ड' करा. १६ जीबी रॅमवर ती नसेल तर हा गेम काही न सांगता डेस्कटॉपवर आणून सोडतो.

जागेचा हिशोब: 'पार्ट वन' १०० जीबी मागतो, 'पार्ट टू' १५०. दोन्ही एकत्र बसणार नाहीत. पहिला संपवा, उडवा, मग दुसरा उतरवा. सेव्ह क्लाउडवर गेलीये ना, हे स्टीममध्ये उडवायच्या आधी बघून घ्या.

---

न्यूका_कोकम

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कुठल्याच एका गेमवर नाही. मालिका २२९६ सालात घडते, म्हणजे आजवरच्या सगळ्या गेमच्या नंतर. या जगात अणुबॉम्ब पडले २३ ऑक्टोबर २०७७ ला. 'फॉलआउट ७६' २१०२ मध्ये, पहिला 'फॉलआउट' २१६१, दुसरा २२४१, तिसरा २२७७, 'न्यू व्हेगस' २२८१ आणि चौथा २२८७. त्यामुळे मालिका ही सरळ सरळ पुढची गोष्ट. गेम खेळले नसतील तरी ती समजते, कारण नायिका ल्यूसीलाही व्हॉल्टच्या (जमिनीखालच्या आश्रयस्थानाच्या) बाहेरचं काही माहीत नाही. तिला जे कळतं तेच तुम्हाला कळतं. माझ्या मते तिथली तीन पात्रं म्हणजे तीन तऱ्हेचे खेळाडू: ल्यूसी पहिल्यांदा खेळणारी, सगळ्यांशी गोड बोलून बघणारी, मॅक्सिमस चिलखत मिळालं की झालं म्हणणारा, आणि घूल (किरणोत्सर्गाने विद्रूप होऊन शतकं जगलेला) म्हणजे हा गेम पन्नासदा संपवून काही वाटेनासं झालेला.

खेळायला दोनच गेम घ्या. चौथा (२०१५) आणि 'न्यू व्हेगस' (२०१०). हाताला सरावाचा वाटेल तो चौथा, आणि मालिकेशी नातं जुळेल ते 'न्यू व्हेगस'चं. दुसरा सीझन डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला तो व्हेगसच्या दिशेनेच. त्यात त्या गेममधला व्हेगसचा मालक मिस्टर हाउस आहे, सीझर्स लीजन ही फौज आहे. 'न्यू व्हेगस'ला मुख्य शेवट चार, आणि त्यातला अमुक एकच खरा असा शिक्का मारायचं मालिकावाल्यांनी टाळलं. त्यामुळे तुम्ही कुणाच्या बाजूने खेळलात तरी मालिका तुम्हाला खोटं पाडत नाही.

पहिल्या सीझनमध्ये फळ्यावर 'शेडी सँड्सचा पाडाव, २२७७' असं लिहिलेलं दिसेल (हा छोटा स्पॉयलर). त्यावरून जुने लोक खवळले होते, कारण शेडी सँड्स ही न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिकची राजधानी, आणि २२८१ मधल्या 'न्यू व्हेगस'मध्ये हे राज्य धडधाकट आहे. गेमची मालकी असलेल्या बेथेस्डा कंपनीच्या टॉड हॉवर्डने खुलासा केला तो असा की बॉम्ब पडला तो 'न्यू व्हेगस'नंतर. २२७७ ही उतरणीची सुरुवात. खुलासा तांत्रिकदृष्ट्या बसतो, पण फळा बघून कुणालाही बॉम्बचंच साल वाटेल, ती चूक मालिकेचीच.

आता 'न्यू व्हेगस' नीट चालवण्याबद्दल. गेम ३२ बिटचा आहे, आहे तसा तो २ जीबीच्या वर मेमरी वापरतच नाही, म्हणून तुमच्याकडे १६ असो की ६४, तासा-दोन तासांनी कोसळतो. उपाय ४ जीबी पॅच. जीओजी या दुकानावरच्या प्रतीत तो आधीच लावलेला असतो, स्टीमच्या प्रतीला आपण लावायचा. गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, तिथे विंडोज फाइल बदलू देत नाही आणि पॅच लागल्यासारखा दिसून लागत नाही. डी ड्राइव्हवर किंवा सीवरच साधं 'गेम्स' नावाचं फोल्डर करा. नंतर एक्सएनव्हीएसई (मॉडना लागणारा स्क्रिप्ट एक्स्टेंडर) आणि त्याच्यावर टिक फिक्स हा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली जोडफाइल. चालताना जो सूक्ष्म झटका बसतो तो यानेच जातो. पहिल्या खेपेला एवढंच पुरे. शंभर मॉड लावणारे लोक गेम कमी आणि यादी जास्त खेळतात.

खेळाबद्दल एकच सूचना. गुडस्प्रिंग्ज या सुरुवातीच्या गावातून व्हेगस उत्तरेला सरळ दिसतं. तिकडे जाऊ नका. वाटेत स्लोनपाशी दगडाच्या खाणीत डेथक्लॉ नावाचे राक्षसी प्राणी बसलेत, पहिल्या पातळीच्या बंदुकीने त्यांना ओरखडाही उठत नाही. गेम तुम्हाला मुद्दाम दक्षिणेकडून वळसा घालायला लावतो: प्रिम, निप्टन, नोव्हॅक, बोल्डर सिटी आणि मग व्हेगस. त्या वळशातच चारही बाजूंची ओळख होते. स्ट्रिपच्या दारावर रोबो २००० कॅप्स (गेममधलं चलन) दाखवा म्हणतो, त्या वाटेतली कामं केलीत तर जमलेल्या असतात. ठरावीक गटांची कामं केलीत तर परवानाही मिळतो.

---

जुनी_कॅसेट

न्यूका_कोकम यांच्याशी सहमत. चौथ्याबद्दल भर घालतो, कारण धागाकर्त्याचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा आहे.

'फॉलआउट ४'ची भौतिकी फ्रेमरेटला बांधलेली आहे. ६० च्या बरंच वर गेलं की वस्तू आपोआप उडतात, कुलूप उघडायची पिन एका झटक्यात तुटते, आणि संगणकाच्या टर्मिनलवरून उठताच येत नाही. हा गेम तुमच्या लॅपटॉपला जड नाही, म्हणून तो आनंदाने वर जाईल. कंट्रोल पॅनेलमधून ६० ला बांधा. चाळीसेक जीबी जागा ठेवा. 'न्यू व्हेगस' दहाएक जीबीत येतो. 'पार्ट वन'च्या बरोबरीने हे दोन्ही बसतात.

मॉड लावणार असाल तरच पुढचं वाचा. एप्रिल २०२४ मध्ये, मालिका आल्यावर दोन आठवड्यांत, बेथेस्डाने मोठं अपडेट सोडलं आणि एफ४एसई या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर उभे असलेले सगळे मॉड एका रात्रीत बंद पडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तेच. कारण एकच: एफ४एसई हा गेमच्या मुख्य फाइलच्या नेमक्या आवृत्तीसाठी लिहिलेला असतो, फाइल बदलली की तो जुळत नाही. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीज, अपडेट्स इथे जाऊन 'गेम सुरू केल्यावरच अपडेट कर' असा पर्याय निवडा, आणि गेम स्टीमच्या बटणाने सुरू न करता फोल्डरमधल्या एफ४एसई लोडरने करा. म्हणजे स्टीम अपडेटसाठी अडवत नाही.

अवांतर: दरवेळी कुणीतरी 'द विचर'ला या यादीत घालतं, म्हणून आधीच सांगतो. नेटफ्लिक्सची ती मालिका आंद्जेय सापकोव्स्कीच्या पुस्तकांवर आहे, गेमवर नाही. गेम हे पुस्तकांच्या पुढचे. म्हणजे तिसरा गेम आधी खेळलात तर मालिकेतली नव्हे, पुस्तकांची गंमत जाते.

---

फ्रेम_बाय_फ्रेम

तिसरा प्रश्न अनाथ राहिलाय. 'लीग ऑफ लेजेंड्स' टाकू नका. निदान 'आर्केन'साठी तरी नको. पाच विरुद्ध पाचचा सामना, अर्धा-पाऊण तास, आणि नवख्याला शिव्या. त्यात 'आर्केन'च्या नायिका, जिंक्स आणि व्हाय, धावताना दिसतील, दोन-चार वाक्यं बोलतील, बस. गेम २००९ चा, व्हाय आली २०१२ ला, जिंक्स २०१३ ला. त्यांचं नातं गेममध्ये इशाऱ्यांपुरतंच होतं. पॉवडरपासून जिंक्सपर्यंतचा प्रवास मालिकेने रचला. गंमत म्हणजे आता प्रवाह उलटा आहे: गेमची कंपनी रायट हिने मालिकेची गोष्टच अधिकृत धरली आणि दुसऱ्या सीझननंतर, २०२५ च्या जानेवारीत, गेममधल्या व्हिक्टरचं रूप मालिकेप्रमाणे बदललं. शिवाय मे २०२४ पासून गेमसोबत व्हॅनगार्ड हे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर येतं, विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) चालू लागते. एवढी खटपट कशासाठी?

त्याऐवजी 'कन्व्हर्जन्स' घ्या, २०२३ चा. त्यात एको आहे, झॉन शहर आहे, वेळ मागे फिरवणं आहे. बाजूने दिसणारा उड्या मारायचा गेम, तुमच्या लॅपटॉपला घामही फुटणार नाही. फक्त हा एको 'आर्केन'मधल्या त्याच धाग्यातला आहे असं समजून जुळवाजुळव करत बसू नका.

'आर्केन'चं चित्र तसं का दिसतं हेही कुणीतरी विचारेलच: फोर्टीश या पॅरिसच्या स्टुडिओने त्रिमितीय आकृत्यांवर हाताने रंगवलेले पोत चढवलेत, आणि धूर, आग, ठिणग्या वेगळ्या द्विमितीय काढल्यात. गेमच्या इंजिनातून असलं काही बाहेर पडत नाही, म्हणून गेममध्ये ते शोधायला गेलात तर हिरमोड ठरलेला.

आता दुसरा_प्लेयर यांच्याशी थोडी असहमती. पुढचा परिच्छेद 'पार्ट टू'चा स्पॉयलर आहे, धागाकर्त्याने वाचू नये.

ॲबीचा ('पार्ट टू'मधली एलीची शत्रू) हेतू मालिकेने आधीच उघड केला म्हणून मालिका उणी, असं ध्वनित होतंय. गेमला तो लपवणं परवडतं, कारण अर्ध्या वाटेवर तो तुमच्या हातात ॲबीचाच कंट्रोलर देणार असतो. जिचा राग राग केला तिला तुम्हीच चालवायचं, जगवायचं. मालिकेकडे ते हत्यारच नाही. दुसरा सीझन सात भागांचा, आणि तो एलीचे सिअ‍ॅटलमधले तीन दिवस संपवून ॲबीच्या पहिल्या दिवशी थांबतो. हेतू लपवला असता तर प्रेक्षकाला तो कळला असता थेट तिसऱ्या सीझनमध्ये, म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी. तोवर ॲबी म्हणजे नुसती खलनायिका. आधी सांगणं हा नाइलाज होता आणि बरोबर होता. मला खटकतो तो ओट्यावरचा प्रसंग. गेममध्ये तो अगदी शेवटी येतो आणि त्यावरच सगळं तोललेलं आहे. मालिकेने तो सहाव्या भागात खर्चून टाकला.

---

दुसरा_प्लेयर

@फ्रेम_बाय_फ्रेम नाइलाज होता हे मान्य. म्हणून तर म्हणतो, आधी खेळा. मालिकेने झाकलेलं गेममध्ये उघडलं तर काही जात नाही, उलटं झालं तर जातं.

आणि ओट्याबद्दल शंभर टक्के.

---

आठबिट_चिंचपोकळी

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे! स्पॉयलरवाला परिच्छेद डोळे मिटून ओलांडला.

'पार्ट वन' घेतोय. दोन उपप्रश्न: कंट्रोलर घ्यावाच लागेल का? आणि 'पार्ट टू'मध्ये घटना कालक्रमाने खेळायची सोय आली आहे असं वाचलं, ती लावू का? आणखी एक, 'हेलो' आणि 'रेसिडेंट ईव्हिल'च्या मालिका का आपटल्या? तेच गेम पुढे घ्यायचा विचार होता.

---

फॅनचा_आवाज

कंट्रोलर सक्तीचा नाही. 'लास्ट ऑफ अस' आणि 'फॉलआउट' दोन्ही माउस-कीबोर्डवर नीट चालतात, नेम तर माउसने जास्त सोपा. प्लेस्टेशनचा ड्युअलसेन्स उसना मिळाला तर केबलने जोडा. ब्लूटूथवर ट्रिगरचा तो जड होत जाणारा दाब पीसीवर मिळत नाही. केबल चार्जिंगपुरती नको, डेटा जाणारी हवी. कंट्रोलर ओळखतच नाही अशा तक्रारींत बहुतेक वेळा केबलच निघते.

---

दुसरा_प्लेयर

कालक्रमाची सोय जुलै २०२५ च्या अपडेटने आली. पहिल्या खेपेला अजिबात नको. गेमच्या मधोमध जो सांधा आहे तोच ती उसवून टाकते. एकदा संपवल्यावर हवं तर बघा.

---

जुनी_कॅसेट

'हेलो'बद्दल लोक हेल्मेटला दोष देतात. पहिल्याच भागात नायक मास्टर चीफने, ज्याचा चेहरा गेममध्ये दिसत नाही, हेल्मेट काढलं आणि गहजब झाला. मला तो दोष दुय्यम वाटतो. 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड' (२००१) मध्ये पहिली पातळी संपता संपता तुम्ही त्या प्रचंड कड्याच्या (अंतराळातलं वर्तुळाकार जग, तेच 'हेलो') दिशेने झेपावता, दुसरी पातळी कड्यावर. मालिकेत पहिला सीझन नऊ भागांचा, दुसरा आठ, आणि कड्यावर पाय पडतो तो सतराव्या भागात. मग २०२४ च्या जुलैत मालिका बंद. चीफची संगणकी सोबतीण कॉर्टाना हिचा आवाज गेममधल्याच जेन टेलरचा ठेवला, चिलखतं हुबेहूब बनवली, आणि ज्यासाठी लोक येतात ती जागाच राखून ठेवली.

'रेसिडेंट ईव्हिल' (नेटफ्लिक्स, जुलै २०२२) आठ भागांत दोन काळ चालवते, २०२२ आणि २०३६, आणि दोन्हीकडे गेमचा तो बंदिस्त वाडा, मोजक्या गोळ्या, दाराआडची धास्ती यातलं काही नाही. पुढच्याच महिन्यात रद्द झाली. नाव तेवढं घेतलं.

गेम मात्र दोन्हीकडचे उत्तम आहेत. मालिका न बघता सरळ खेळा.

---

फ्रेम_बाय_फ्रेम

खेळायला वेळ नसलेल्या आठवड्यासाठी दोन नावं. 'सायबरपंक: एजरनर्स', २०२२, ट्रिगर स्टुडिओ, दहाच भाग. 'सायबरपंक २०७७'च्या एक वर्ष आधीची, वेगळ्या पात्रांची गोष्ट, त्यामुळे क्रमाची कटकट नाही. गेममध्ये डेव्हिडचं जॅकेट आणि रेबेकाची शॉटगन सापडते, ती मालिका आधी बघितली असेल तरच ओळखू येईल. गेम मात्र तुमच्या लॅपटॉपवर मागू नका: २०२३ च्या २.० आवृत्तीपासून किमान यादीत ६ जीबीचं कार्ड आहे.

दुसरी 'कॅसलव्हेनिया', २०१७ ते २०२१, चार सीझन, ३२ भाग. आधार १९८९ च्या तिसऱ्या गेमचा, त्यातला ग्रँट नावाचा चौथा गडी मालिकेने वगळला. निर्मात्यांपैकी आदी शंकर हा कोलकात्यात जन्मलेला; २०२५ ची 'डेव्हिल मे क्राय'ही त्याचीच. मूळ गेम 'ॲनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये मिळतो, कुठल्याही लॅपटॉपवर चालतो, आणि फार अवघड आहे. कलेक्शनमध्ये मधेच सेव्ह करायची सोय दिली आहे, ती वापरायला लाजू नका. त्यात जपानी आवृत्तीही आहे, ती थोडी सोपी. तिथून सुरुवात करा.